तुमची गरज पाच गुंठ्यांची, सौदा चाळीस गुंठ्यांचा

रामराम दादा. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तुम्ही काय विचारलंय ते थोडक्यात लिहितो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. लातूरपासून १२ किलोमीटरवर गाव, घरची साडेचार एकर जमीन, त्यातली पावणेतीन एकर डांबरी रस्त्याला लागून, काळी, विहिरीखालची, आणि वर माळाच्या अंगाला पावणेदोन एकर बरड, म्हणजे हलकी मुरमाड. गावात दोन खोल्यांचं जुनं घर, त्यात आजी, आई-वडील, मोठा भाऊ, वहिनी, त्यांची दोन लेकरं आणि तुम्ही अशी आठ माणसं. तुमचं लग्न ठरायलंय. अशात एक जण रस्त्यालगतचा एक एकर प्लॉटिंगसाठी मागायलाय. भाऊ म्हणतो देऊन टाकू, त्यातच दोन प्लॉट ठेवून घरं बांधू. वडील म्हणतात काळी विकायची नाही. दोघांचं बोलणं बंद झालंय. आणि तुम्ही विचारलंय, घर महत्त्वाचं का शेती?

मी १९९५ पासून बांधकामात आहे, डिप्लोमा सिव्हिल, लातुरात घरांचे नकाशे, लेआउट, एनएच्या (शेतजमीन बिगरशेती करायच्या) फायली ही कामं करतो, आणि औसा तालुक्यात भावासोबत घरची शेती पण आहे. त्यामुळं हा प्रश्न माझ्याकडं दोन्ही बाजूंनी येतो, ऑफिसात पण आणि घरात पण.

माझं पहिलं म्हणणं असं की घर का शेती हा तुमचा प्रश्नच नाही. जरा हिशोब करू. एका भावाचं घर म्हणजे खाली हजार-बाराशे फूट बांधकाम, पुढं ओटा, गाडी लावायला जागा, मागं मोरी, चूल-जळण ठेवायला थोडं अंगण. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, तर दोन गुंठ्यात एक घर ऐसपैस बसतं. दोन घरांना चार, आत जायच्या रस्त्याला एक, झाले पाच गुंठे. तुमची गरज पाच गुंठ्यांची आहे आणि घरात भांडण चाललंय चाळीस गुंठ्यांवरून. उरलेले पस्तीस गुंठे तुमच्या घरासाठी नाहीत, ते त्या प्लॉटिंगवाल्याच्या धंद्यासाठी आहेत. तो धंदा करणं काही गुन्हा नाही, पण त्याची गरज आणि तुमची गरज एकाच पोत्यात भरलीय तिथं घोळ झालाय. आधी ह्या दोन गोष्टी वेगळ्या करा, म्हणजे वडील आणि भाऊ दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत हे दिसंल.

आता पाच गुंठे कुठले, हा खरा प्रश्न. आणि त्याचं उत्तर बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे. काळीची खोली किती, बरडापर्यंत रस्ता आहे का, गावठाणाची हद्द शेतापासून किती लांब, गट कुठल्या झोनमध्ये येतो, घरातल्या बायकांना शेतात राहायचंय का. ह्यातलं निम्मं तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मी कसा विचार करतो ते सांगतो, तुम्ही तुमच्या जमिनीला लावून बघा.

आपल्याकडं जुन्या लोकांनी जमिनीचे दोनच भाग केले होते, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे वस्तीची. गावाला पांढरी म्हणायचे ते उगाच नाही. मराठवाड्यातली कितीतरी जुनी गावं जरा उंचवट्यावर, मुरमाड जागेवर दिसतील, आणि खाली सगळं काळं रान. माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर टाकायची माती पण पांढरीच. आता आपण उलटं करायलोत, डांबरी रस्ता काळीतून गेला की त्याच्या दोन्ही बाजूंनी काळीवर पांढरी चढायलीय, आणि वरचा माळ तसाच मोकळा पडलाय.

काळीत घर का नको हे शेतीच्या मायेपोटी सांगत नाही, बांधकामवाला म्हणून सांगतो. आपली काळी बेसॉल्ट खडकापासून झालेली आहे, तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते, ती पाणी पिली की फुगते आणि सुकली की आकसते. ह्याच गुणावर आपण रब्बी काढतो. परतीचा पाऊस तिनं पोटात धरून ठेवला की वरून थेंब नसला तरी ज्वारी आणि हरभरा निघतो. पण पिकाला जो गुण तोच भिंतीला दोष. उन्हाळ्यात काळीला भेगा पडतात त्यात हात घालून बघा, कोपरापर्यंत जातो. ती जमीन दरवर्षी वर-खाली होणार आणि तिच्यावर बसलेलं घर पण तिच्यासोबत होणार.

एका गुरुजींनी रस्त्यालगतच्या काळीत घर बांधलं होतं. मला बोलावलं ते घर बांधून दोन वर्षं झाल्यावर. मिस्त्रीनं चार फूट खोदून पाया भरलेला आणि काळी होती सात फूट, म्हणजे पाया काळीतच लटकलेला. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग छताकडं गेलेली. एप्रिलात त्या भेगेत दोन रुपयाचं नाणं उभं राहायचं आणि ऑगस्टात भेग मिटायची पण दार अडकायचं. गुरुजींनी दार तासून घेतलं, मग उन्हाळ्यात त्याच दारात फट पडली. तीनदा भेग बुजवून रंग झाला. गुरुजींनी फंडातले पैसे त्यात घातले होते, रिटायर झाल्यावर निवांत राहू म्हणून, आणि मी गेलो की ते आधी भेगच दाखवायचे. तिथं मी काही करू शकलो नाही, कडेनं फरशी करून पावसाचं पाणी पायापासून लांब काढलं एवढंच.

काळीत घर बांधताच येत नाही असं नाही. पूर्ण काळी काढून मुरूम भरून दाबून घेता येतो, नाहीतर अंडर-रीम्ड पाइल करतात, म्हणजे जमिनीत साडेतीन मीटरपर्यंत भोक पाडून खाली फुगवटा असलेला काँक्रीटचा खांब भरायचा आणि वर प्लिंथ बीमवर (जोत्याच्या काँक्रीट पट्ट्यावर) घर उचलायचं. उपाय चांगला आहे. पण साध्या घराच्या पायात त्यानं जो खर्च वाढतो तेवढ्यात बरडावर वरची एक खोली निघते. आणि गावाकडचा मिस्त्री बहुतेक वेळा हे करतच नाही, तो म्हणतो आम्ही लै घरं बांधलीत काही होत नाही.

म्हणून खड्डा घ्या. हे सगळ्यात आधीचं काम, सातबाऱ्याच्याही आधीचं. उन्हाळ्यात जेसीबी गावात आला की तासभर लावा, तीन जागी आठ फुटापर्यंत खड्डे काढा, एक रस्त्यालगत, एक मधे, एक वर बरडात. खाली उतरून बघा. वर काळी किती फूट, मग चुनखडीचा पांढरट थर लागतो का, मग मुरूम कुठं सुरू होतो. मुरूम लागला की बकेटचा आवाज बदलतो, मातीत कापल्यासारखा जाणारा दात खरखरायला लागतो, ते ऐकूनच कळतं. बरडावर दीड-दोन फुटातच हा आवाज येतो. तिथं चार फुटाचा पाया मुरमात घट्ट बसतो. रस्त्यालगत आठ फूट खोदूनही काळीच निघाली तर ती जागा घराची नाही, मग तिथला भाव कितीही असो. घरी एक साधी परीक्षा पण करता येते. वाळलेली माती बारीक कुटून चाळून काचेच्या ग्लासात पाव भाग भरा, वरून पाणी ओतून रात्रभर ठेवा. सकाळी बरडाची माती जिथल्या तिथं असंल, काळी बरीच वर आलेली दिसंल. भावाला तो ग्लास दाखवा.

आता शेतीच्या बाजूनं. आमच्याकडं विहिरीखालच्या काळीत चांगल्या वर्षी एकरी आठ-नऊ क्विंटल सोयाबीन आणि त्यावर सहा-सात क्विंटल हरभरा होतो. बरडावर तेच सोयाबीन तीन-चारवर थांबतं आणि पावसानं वीस दिवस ताण दिला की तेही हातात येत नाही, दुसरं पीक तर नाहीच. तुमच्या आठ माणसांना वर्षाला ज्वारी-गहू-तांदूळ मिळून दहा-बारा क्विंटल धान्य आणि दीड-दोन क्विंटल डाळ लागत असंल. म्हणजे तो रस्त्यालगतचा एक एकर नीट केला तर घरचं खाणं जवळपास तिथंच निघतं, आणि जनावरांचा कडबा वेगळा. तो गेला तर उरलेल्या पावणेदोन एकर काळीवर खायचं पण आणि विकायचं पण असं दोन्ही येतं. बरडातले पाच गुंठे गेले तर वर्षाला चाळीस-पन्नास किलो सोयाबीन कमी होईल. एवढाच फरक आहे, पण हा फरक कुणी कागदावर मांडत नाही.

पण भावाची बाजू मी खोटी म्हणणार नाही. २०२५-२६ च्या हंगामाला सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ जाहीर होता आणि शेतकऱ्यांनी बाजारात चार-साडेचार हजारानं माल घातला. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत तर कितीतरी जणांची मातीच खरडून गेली. महाराष्ट्रात १९७०-७१ ला सरासरी जमीन धारणा ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ च्या कृषी गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. साडेचार एकरात दोन भावांचं भागत नाही हे तो खरंच बोलतो. म्हणून वडिलांनी नुसतं काळी आई म्हणून चालणार नाही, भावाला उत्पन्नाचं उत्तर लागतंय. फक्त ते उत्तर काळी विकून येतंय का, ते तपासू.

एका एकराचं प्लॉटिंग म्हणजे काय ते बघा. रीतसर लेआउट मंजूर करायचा तर आतले रस्ते साधारण नऊ मीटरचे, आणि ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटला दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. सगळं जाऊन चाळीसातले चोवीस-पंचवीस गुंठे विकायला उरतात, तीस बाय पन्नासचे सतरा प्लॉट. तुम्ही ह्यातले दोन ठेवायचे म्हणता, म्हणजे पंधरा प्लॉट दुसऱ्यांचे. ह्या पंधरांपैकी घरं किती जण बांधतील? माझा अनुभव लिहितो. २००९ मध्ये मी एका शेतकऱ्याच्या तीन एकराचा लेआउट केला. बागायत होती, तिथली मेथी-कोथिंबीर रोज पहाटे लातूरच्या बाजारात जायची, मी मोजणीला गेलो त्या दिवशी त्याच्या बायकोनं मला दोन जुड्या दिल्या होत्या. पन्नास प्लॉट पडले, वर्षभरात सगळे विकले गेले. आज तिथं चौदा घरं आहेत. बाकी प्लॉटमध्ये वेडी बाभूळ आणि गाजरगवत. मालक पुण्या-मुंबईला, भाव वाढायची वाट बघत. तो नकाशा माझ्या सहीचा आहे, रस्त्यानं जाताना मला त्याचा त्रास होतो. छत्तीस प्लॉटांवर ना घर उभं राहिलं ना भाजी.

म्हणून मी म्हणतो घर विरुद्ध शेती हे भांडण बरंचसं खोटं आहे. लातुरात घरांची गरज खरी आहे, लातूर पॅटर्नमुळं बाहेरगावची पोरं शिकायला येतात त्यांना खोल्या लागतात, नोकरदार वाढले, हरंगुळकडं रेल्वे कोच कारखाना झाला. ती गरज शहरात दोन-तीन मजले चढवून आणि आधीच पाडलेल्या प्लॉटांवर बांधून बऱ्यापैकी भागू शकते. काळी खायला निघालंय ते घर नाही, तो रिकामा प्लॉट आहे. तुमच्याकडं मागणी घालणाऱ्याला एवढंच विचारा की ह्या रस्त्यावर तुम्ही मागच्या दहा वर्षांत पाडलेल्या प्लॉटांवर घरं किती झाली, आणि मग स्वतः गाडीवरून जाऊन मोजून या.

पाण्याचं वेगळं लिहितो कारण ते कुणी विचारत नाही. सतरा प्लॉट म्हणजे आज ना उद्या सतरा बोअर, आणि तुमची विहीर तिथून हाकेच्या अंतरावर. आपल्याकडं खाली बेसॉल्ट, पाणी खडकाच्या भेगांत आणि मुरमात असतं, एकाच्या बोअरनं दुसऱ्याची विहीर आटते हे सगळ्यांनी पाहिलंय. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं हे शहर आहे. विहीर गेली की उरलेली काळी पण जिरायत झाली, म्हणजे एक एकर विकून तुम्ही पावणेतीन एकराचं पाणी विकता. आणि सांडपाणी? काळीत शोषखड्डा चालत नाही, पावसाळ्यात पाणी जिरतच नाही, वर येतं. बरडावर जिरतं, पण तिथंही शोषखड्डा विहिरीपासून निदान पन्नास फूट लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला घ्या. शेत ओढ्याकाठी असेल तर आजीला विचारा, आजवर पुराचं पाणी कुठपर्यंत आलं होतं. २०२५ ला कुठवर आलं ते तुम्ही पाहिलंच असंल. त्या रेषेच्या आत घर नको म्हणजे नको.

बरडाच्या आधी अजून एक जागा बघायला सांगतो, ती म्हणजे गावठाण. आमच्या गल्लीत तेवीस घरं, त्यातली सात कुलूपबंद, दोन पडकी, आत लिंबाची झाडं उगवलीत. वारस पुण्याला, हैदराबादला. जागा कुणाच्या एकाच्या नावावर नसते, पाच भाऊ-बहिणींच्या सह्या लागतात, म्हणून कुणी हात घालत नाही. पण स्वामित्व योजनेत ड्रोनची मोजणी होऊन मालमत्ता पत्रकं मिळायलीत, त्यामुळं हद्दीचा वाद बराच कमी झालाय. दिवाळीत, जत्रेत ती मंडळी गावात येतात तेव्हा वडिलांनी बसून बोलावं. शेजारच्या पडक्या जागेचा दीड गुंठा मिळाला तर भावाला चालू घर वाढवून आणि तुम्हाला वेगळं असं गावातच बसू शकतं, शाळा, दवाखाना, लाइट, नळ सगळं जागेवर, आणि शेतीचा एक गुंठा पण जात नाही. गावठाणाची अडचण पण खरी आहे, बोळ अरुंद, ट्रॅक्टर दारात येत नाही, गोठ्याला जागा नाही. ज्याची जनावरं आहेत त्याला हे जमत नाही.

आणि शेतात राहायला जायचं ठरवायच्या आधी वहिनीला आणि जिच्याशी लग्न ठरायलंय तिला विचारा. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि बहुतेक जण विचारत नाहीत. परभणीकडच्या एका ओळखीच्यानं आखाड्यावर, म्हणजे शेतातच सुंदर घर बांधलं, पुढं पडवी, वर सोलर. दोन वर्षांत बायको लेकरं घेऊन तालुक्याला भाड्यानं राहायला गेली, कारण संध्याकाळी सहानंतर आसपास माणूस नाही, पावसाळ्यात पाणंदीला गुडघाभर चिखल, पोराची शाळेची गाडी रस्त्यावरच थांबते, आणि हा बाजारला गेला की ती एकटी. आता त्या घरात सोयाबीनची पोती आहेत. तुमचा बरड गावापासून पायी दहा मिनिटांत असेल आणि पाणंद मुरूम टाकून पक्की करता येत असेल तरच तो घराचा. रस्त्याचा वाद असेल तर तहसीलदाराकडं जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली रस्ता मागता येतो, पण शेजाऱ्याशी बोलून झालेला रस्ता जास्त टिकतो.

कायद्याचं भराभर सांगतो. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत जमीन असेल तर कलम ४२-ड खाली रहिवासी वापराला रूपांतर कर भरून सोपा मार्ग ठेवलेला होता, तुमचा बरड त्यात बसतो का ते आधी मोजा. शेतघर कलम ४१ मध्ये येतं, पण त्याला जमिनीच्या आणि बांधकामाच्या क्षेत्राची मर्यादा आहे आणि बँक शेतघरावर गृहकर्ज द्यायला सहसा तयार होत नाही. तुकडेबंदीचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते, २०२३ पासून जिरायतीला २० गुंठे, बागायतीला १० गुंठे आहे, म्हणून पाच गुंठ्यांचा वेगळा सातबारा करायच्या नादी लागू नका, वाटणी करताना घराची जागा ज्याच्या त्याच्या हिश्श्यात येईल अशी आखणी करा. २०२५ मध्ये ह्या नियमांत बरेच बदल झालेत, त्यामुळं फाइल करायच्या दिवशी तहसीलला ताजा नियम विचारूनच पैसे भरा. सातबाऱ्यावर भोगवटदार वर्ग-१ आहे का २ (वर्ग-२ची जमीन सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही), कूळ किंवा इनामाची नोंद आहे का ते बघा, मराठवाड्यात निजामाच्या काळापासूनच्या अशा नोंदी अजून निघतात. बहिणी असतील तर २००५ पासून त्यांचा समान हक्क आहे, त्यांना शेवटी सहीपुरतं बोलावू नका, आत्ताच विचारा.

प्लॉटिंगवाल्याला जमीन द्यायचीच झाली, आजारपण असतं, कर्ज असतं, मी कुणाला नको म्हणणारा कोण, तर थोडा इसार घेऊन जनरल मुखत्यारपत्र लिहून देऊ नका. एका शेतकऱ्यानं तसं दिलं, समोरच्यानं एनए न करताच स्टँपवर गुंठे विकून टाकले, पैसे अर्धे मिळाले आणि पुढं प्लॉटवाले ह्याच्याच दारात भांडायला यायचे. पूर्ण पैसे आणि रजिस्टर खरेदीखत एकाच दिवशी, नाहीतर नाही. आणि विकायची वेळ आली तर विहिरीपासून लांबचा तुकडा विका, भाव कमी आला तरी.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नाच्या बाहेरची आहे पण लिहितो, कारण तुम्ही लिहिलंय की वडील ग्रामपंचायतीत सदस्य आहेत. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या किल्लारीच्या भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसली, मी शिकून बाहेर पडल्यावर पहिलं काम तिथंच केलं, साइट सुपरवायझर म्हणून. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, त्याखाली माणसं गेली होती, त्यामुळं लोकांना मोकळं, लांब लांब घर हवं होतं आणि ते बरोबरच होतं. पण नवी गावं जुन्या गावाच्या कितीतरी पट पसरली, रुंद रस्ते, चौकोनी सेक्टर, आणि ती सगळी शेतीचीच जमीन होती. म्हाताऱ्या बायका मला म्हणायच्या, शेजारीण हाक मारली तरी ऐकू येत नाही. मजबूत घर आणि जवळ जवळची घरं हे दोन्ही एकत्र होऊ शकतं, आडवे काँक्रीटचे पट्टे दिले, कोपरे बांधून घेतले की दाट वस्तीत पण घर भूकंपाला टिकतं, हे तेव्हा फार कमी जणांनी विचारात घेतलं.

म्हणून वडिलांना सांगा, गावठाण वाढवायचा विषय ग्रामसभेत आला तर मुरमाड बाजू धरा, रस्त्याकडची काळी नाही. आणि तुमच्याकडं साडेचार एकर तरी आहे, गावात अशी घरं असतील ज्यांच्याकडं अर्धा गुंठा पण नाही, घरकुल मंजूर आहे पण बांधायला जागा नाही. घरकुलाला २५ चौरस मीटर म्हणजे पाव गुंठा लागतो. जागा घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजनेतून पैसे मिळतात. गावातल्या पडक्या, वाद नसलेल्या जागांची यादी ग्रामपंचायतीनं केली तर त्यांची सोय आधी लागावी. घरांच्या गरजेचं नाव घेऊन काळीवर प्लॉट पडतात, पण त्या प्लॉटवर ह्या माणसांचं घर कधीच होत नाही.

तुमच्यासाठी क्रम असा: आधी गावठाणातली शेजारची जागा विचारा, नाही जमलं तर बरडाचा गावाकडचा कोपरा, आणि रस्त्यालगतची काळी अगदी शेवटी, तीही खड्ड्यात मुरूम लवकर लागला तरच. भावाच्या उत्पन्नाचं म्हणाल तर त्या पाऊण-एक एकर काळीत भाजीपाला धरून लातूरचा बाजार गाठता येतो, १२ किलोमीटर काहीच नाही, आणि रस्त्यालगत असल्याचा खरा फायदा तोच आहे. एकदम लाखांचा आकडा दिसणार नाही, पण दर आठवड्याला हातात पैसा राहील. बरडाचा उरलेला भाग सीताफळाला लावा, बालाघाटाच्या माळावर ते कमी पाण्यात चांगलं येतं.

वडील आणि भाऊ बोलत नाहीत म्हणता ना, तर खड्डे घ्यायच्या दिवशी दोघांनाही शेतात बोलवा. घरात बसून आकड्यांवर बोललात की भांडण होईल, खड्ड्याच्या काठावर उभं राहून माती बघत बोलणं वेगळं होतं, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय. बरडात कुठल्या कोपऱ्यात नांगराचा फाळ अडतो ते वडिलांना पाठ असंल. पहिला खड्डा त्यांना विचारून तिथंच घ्या, आणि तिन्ही खड्ड्यांचे फोटो टेप लावून काढून मला टाका, पाया किती घ्यायचा ते मी सांगतो.